हमी-पद्धतीचा लोहमार्ग : वसई–विरार

सार्वजनिक उपयोगाचे एखादे बांधकाम खाजगी कंपनीच्या भांडवलाने करून घ्यावयाचे आणि त्या भांडवलावर ठराविक व्याज मिळेलच, अशी शासनाने कराराने हमी द्यावयाची, या व्यवस्थेस हमी-पद्धत म्हणतात. भारतातील पहिले लोहमार्ग याच पद्धतीने बांधले गेले. अलीकडे ज्यास शासकीय-खाजगी भागीदारी म्हणतात, तिचा हा देशातील पहिला मोठा प्रयोग होय. मुंबईच्या उत्तरेस वसईच्या खाडीपासून वैतरणा नदीपर्यंत पसरलेल्या वसई तालुक्यातून (पालघर जिल्हा) जाणारा लोहमार्ग बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बी. बी. सी. आय.) या कंपनीने हमी-पद्धतीने बांधला. पुढे तो शासनाने विकत घेतला, काही काळ कंपनीकडेच चालविण्यास ठेवला व अखेर स्वतःच्या व्यवस्थापनाखाली आणला. एकाच मार्गावर भागीदारीचे हे सर्व टप्पे पाहावयास मिळत असल्याने तिचे गुणदोष तपासण्यास तो विशेष उपयोगी आहे.

पार्श्वभूमी : पश्चिम भारतात लोहमार्ग असावा, अशी मागणी १८४० नंतरच्या दशकात होऊ लागली. लँकाशरच्या गिरण्यांना भारतीय कापूस स्वस्तात व वेळेवर हवा होता, तर मुंबईच्या व्यापाऱ्यांना आपल्या बंदराचा विस्तार हवा होता. मुंबईत या हालचालींत नाना शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई यांनी पुढाकार घेतला. तथापि अनोळखी देशात, रहदारीचा कोणताही अंदाज हाती नसताना, केवळ नफ्याच्या आशेवर पैसा गुंतविण्यास लंडनचे भांडवलदार तयार नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीलाही स्वतःच्या तिजोरीतून एवढा खर्च करावयाचा नव्हता. या कोंडीतून हमीचा मार्ग निघाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) कंपनीशी १७ ऑगस्ट १८४९ रोजी करार झाला आणि त्याने पाच लक्ष पौंड भांडवलावर दरसाल दर शेकडा पाच व्याजाची हमी देण्यात आली. या मार्गावरील पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. त्यानंतर चारच दिवसांनी गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी याने आपल्या टिपणात लोहमार्गांचे देशव्यापी जाळे खाजगी कंपन्यांकडून, परंतु शासनाच्या देखरेखीखाली, उभारावे असे प्रतिपादन केले. हमी-पद्धत हे या धोरणाचेच आर्थिक अंग होते.

कराराचे स्वरूप : निरनिराळ्या कंपन्यांच्या करारांचा साचा बराचसा सारखा होता. मार्गासाठी लागणारी जमीन शासनाने संपादून कंपनीस विनामूल्य द्यावयाची. मार्ग ९९ वर्षे कंपनीकडे राहावयाचा. निव्वळ उत्पन्न पाच टक्क्यांहून कमी पडल्यास तूट शासनाने भरून द्यावयाची, अधिक झाल्यास जादा नफ्याचा निम्मा भाग भागधारकांस मिळावयाचा व उरलेल्या निम्म्यातून शासनाने पूर्वी भरलेल्या व्याजाची फेड व्हावयाची. रुपयाची हुंडणावळ एक शिलिंग दहा पेन्स अशी ठरविण्यात आली होती. पंचवीस किंवा पन्नास वर्षांनी मार्ग विकत घेण्याचा शासनास अधिकार होता. उलट, व्यवहार परवडेनासा झाला, तर सहा महिन्यांच्या सूचनेने मार्ग शासनाच्या स्वाधीन करून घातलेले भांडवल परत मागण्याची कंपनीस मुभा होती. या शेवटच्या कलमामुळे व्याजाबरोबर मुद्दलही सुरक्षित झाले होते.

या हमीच्या बदल्यात शासनाने देखरेखीचे व्यापक अधिकार राखून ठेवले. लंडनमधील संचालक मंडळावर एक सरकारी संचालक असे आणि त्यास नकाराधिकार असे. भारतात प्रत्येक प्रांतशासनाचा सल्लागार अभियंता मार्गाची आखणी, नकाशे व खर्चाचे अंदाज तपासून मंजुरी देई. भाड्याचे दर व गाड्यांच्या वेळा यांवरही शासनाचे नियंत्रण होते. कागदोपत्री ही व्यवस्था परिपूर्ण होती. प्रत्यक्षात प्रत्येक बाब दोनदा तपासली जाऊ लागली. अभियंता एक योजना आखी, सल्लागार अभियंता तिच्यात बदल सुचवी, वाद लंडनला जाई आणि तोवर पावसाळा येऊन ठेपे. विलंबाचा दोष प्रत्येक पक्ष दुसऱ्यावर ठेवी, मात्र त्या काळाचे व्याज शासनाच्या खात्यावर चढत राही.

वसई–विरार मार्गाची उभारणी : बी. बी. सी. आय. कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. तिच्यामागील प्रमुख व्यक्ती कर्नल जॉन पिट केनेडी हा होता. तो यापूर्वी भारत सरकारचा लोहमार्गविषयक सल्लागार अभियंता होता. सह्याद्रीचे घाट चढून उत्तरेकडे जाण्यापेक्षा किनाऱ्याच्या सपाटीवरून गुजरातमार्गे जाणे स्वस्त व सोयीचे, असे त्याचे मत होते. चढ टळला, तरी किनाऱ्याच्या मार्गाला खाड्या व नद्यांची अडचण होती. नर्मदा, तापी, वैतरणा आणि वसईची खाडी यांवर पूल बांधल्याशिवाय हा मार्ग पुरा होणार नव्हता. कंपनीने काम गुजरातेत अंकलेश्वर–उत्राण भागापासून सुरू केले. तो भाग १८६० मध्ये खुला झाला. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत येऊन पोहोचला.

वसई तालुका दक्षिणेस खाडीने व उत्तरेस वैतरणेने वेढलेला असल्याने या भागाचा प्रश्न मुख्यतः पुलांचाच होता. वसईच्या खाडीत मध्यभागी पाणजू बेट असून त्याच्या दोन बाजूंना दोन पूल बांधावे लागले. केनेडीने आपल्या मार्गासाठी पुलांचा एक ठराविक नमुना स्वीकारला होता. ओतीव लोखंडाचे पोकळ खांब, तळाशी मळसूत्री पाते लावून, चिखलात फिरवत खाली उतरवावयाचे आणि त्यांवर ६० फुटी (सु. १८ मी.) गाळ्यांच्या त्रिकोणी जाळीच्या तुळया ठेवावयाच्या, असा तो नमुना होता. सर्व गाळे एकाच मापाचे असल्याने सुटे भाग इंग्लंडमध्ये तयार करून आणता येत व एका पुलावरचा भाग दुसऱ्या पुलावर वापरता येई. चिखलाच्या खाड्यांत ही योजना सोयीची ठरली. वेगवान पुराच्या नद्यांत ती तितकीशी टिकाऊ ठरली नाही. नर्मदेवरील पुलाची पुरांनी वारंवार हानी झाली आणि अखेर १८८१ मध्ये तेथे नवा भक्कम पूल पुरा करण्यात आला. अशा हानीचा भार भांडवलावर पडो वा चालू उत्पन्नावर, हमीमुळे भागधारकाच्या पाच टक्क्यांस त्याची झळ लागत नसे.

जमिनीच्या बाबतीत कंपनीचा खर्च जवळजवळ नव्हताच. सार्वजनिक कामासाठी जमीन संपादण्याची तरतूद १८५७ च्या सहाव्या अधिनियमाने करण्यात आली होती. तीनुसार शासन जमीनधारकांस भरपाई देई आणि जमीन कंपनीच्या ताब्यात येई. म्हणजे जमिनीची किंमत सार्वजनिक तिजोरीतून जाई, परंतु कंपनीच्या भांडवली खर्चात ती दिसत नसे. हमी-मार्गांच्या खर्चाचे आकडे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

हमीविना भागीदारी – बॅकबेचे उदाहरण : याच मार्गाच्या दक्षिण टोकाला भागीदारीचा दुसरा, अगदी उलट प्रकार घडला. ग्रँट रोडपासून कुलाब्यापर्यंत मार्ग नेण्यासाठी बॅकबेच्या किनाऱ्यावर भराव टाकणे जरूर होते. हे काम बॅकबे रेक्लमेशन कंपनीकडे सोपविण्यात आले. लोहमार्गास लागणारी जमीन तिने भरावातून मिळवून द्यावयाची आणि उरलेली जमीन विकून आपला नफा काढावयाचा, अशी योजना होती. तिला व्याजाची हमी नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता, त्यामुळे या कंपनीचे भाग मूळ किंमतीच्या अनेक पटींनी विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांबरोबर ही कंपनीही बुडाली. अपुरे राहिलेले काम शासनास हाती घ्यावे लागले. हमी असलेला भागीदार टिकला, पण काटकसरीची निकड त्यास नव्हती. हमी नसलेला भागीदार सट्ट्याच्या लाटेवर चढला व लाट ओसरताच नाहीसा झाला. दोन्ही प्रसंगी शेवटची जबाबदारी शासनावरच आली.

उपनगरी वाहतुकीचा आरंभ : मार्ग प्रामुख्याने कापसाच्या व दूर पल्ल्याच्या वाहतुकीसाठी बांधला गेला होता. तथापि १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी रोज जाणारी व येणारी एकेक गाडी सुरू झाली. ती सकाळी पावणेसातच्या सुमारास विरारहून निघे व सायंकाळी साडेपाचच्या सुमारास परत फिरे. वाटेत नाला (नालासोपारा), वसई, पाणजू, बोरिवली, पहाडी, अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रे, माहीम, दादर व ग्रँट रोड ही स्थानके होती. मुंबईच्या पश्चिम उपनगरी वाहतुकीचा हा आरंभ मानला जातो. वसईच्या बागायती प्रदेशातील केळी, सुकेळी, भाजीपाला व विड्याची पाने यांस या मार्गाने जलद वाहतूक मिळाली. पूर्वी हा माल होड्यांनी, भरती-ओहोटी पाहून जात असे.

स्थानकांच्या जागांमुळे वस्तीचे स्वरूपही बदलले. वसई रोड स्थानक वसईच्या किल्ल्यापासून व जुन्या गावापासून दूर असल्याने नवी वस्ती नवघर–माणिकपूर भागात वाढली. नालासोपारा व विरार ही गावेही स्थानकांभोवती पसरली. लोहमार्गामुळे जमिनीचे जे मूल्य वाढले, त्याचा हिशेब मूळ करारात कोठेच नव्हता. ते ना कंपनीच्या उत्पन्नात आले, ना शासनाच्या हमीच्या भारातून वजा झाले.

हमी-पद्धतीवरील टीका : १८६९ पर्यंत देशात सु. ४,००० मैलांचे हमी-मार्ग खुले झाले होते. त्यांचे भांडवल जवळजवळ सर्व ब्रिटनमध्ये उभारलेले होते. मूळ अंदाज मैलामागे सु. ८,००० पौंड खर्चाचा होता. प्रत्यक्ष सरासरी खर्च त्याच्या दुपटीहून अधिक झाला. पुढे ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीसमोर साक्ष देताना भारताचे माजी वित्त-सदस्य विल्यम मॅसी यांनी या पद्धतीचे मर्म नेमके सांगितले. व्याज भारताच्या महसुलातून मिळणारच असल्याने आपला पैसा हुगळी नदीत फेकला गेला काय किंवा विटा-चुन्यात घातला गेला काय, भांडवलदारास सारखेच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गव्हर्नर-जनरल सर जॉन लॉरेन्स याने १८६९ मध्ये लोहमार्ग शासनाने स्वतःच बांधावेत, असा आग्रह धरला आणि त्यानंतर काही वर्षे त्या धोरणाचा अवलंब झाला.

भारतीय विचारवंतांची टीका याहून मूलगामी होती. हमीचे व्याज इंग्लंडमध्ये द्यावे लागे आणि रुपयाचा भाव घसरू लागल्यावर त्याचा भार वाढत गेला. दादाभाई नवरोजी यांनी या रकमांचा समावेश देशाबाहेर जाणाऱ्या संपत्तीच्या हिशेबात केला. गणेश व्यंकटेश जोशी यांनी पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून लोहमार्गांवरील शासकीय खर्चाची चिकित्सा केली व देशातील उद्योगांच्या वाढीचा प्रश्न त्याच्याशी जोडला. लोहमार्ग नकोत, असे या टीकाकारांचे म्हणणे नव्हते. ते बांधण्याची किंमत कोण देतो व त्यांचा लाभ कोणास मिळतो, हा त्यांचा प्रश्न होता. दुष्काळात सारा भरणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशातून लंडनच्या भागधारकाची तूट भरली जात होती, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले.

१८७० चा फेरकरार : पंचवीस वर्षांनी मार्ग विकत घेण्याचा शासनाचा अधिकार बी. बी. सी. आय. च्या बाबतीत १८८० मध्ये वापरता आला असता. परंतु त्याआधी सु. दहा वर्षे शासनाने जी. आय. पी., बी. बी. सी. आय. व मद्रास या कंपन्यांशी नवे करार करून तो अधिकार सोडून दिला. त्याच्या मोबदल्यात जादा नफ्याचा निम्मा भाग शासनास मिळावयाचा होता, मात्र पूर्वी भरलेल्या व्याजाची फेड सोडून देण्यात आली. शिवाय नफ्याचा हिशेब वर्षाचा न करता सहामाहीचा ठरला. वाहतूक मोसमी असल्याने यात शासनाचा तोटा होता. कापूस व धान्य यांच्या हंगामातील नफा कंपनी वाटून घेई आणि पावसाळ्याच्या सहामाहीतील तूट शासन भरून देई. पुढे झालेल्या सदर्न मराठा (१८८२) यांसारख्या कंपन्यांच्या करारांत शासनाने हमीचा दर साडेतीन टक्क्यांपर्यंत खाली आणला व मार्गाची मालकी प्रथमपासून स्वतःकडे ठेवली. जुन्या करारांतील चुकांपासून घेतलेला हा बोध होता. परंतु वसई–विरार मार्गास तो १९०५ पर्यंत लागू झाला नाही.

शासकीय मालकी व व्यवस्थापन : १९०५ च्या अखेरीस शासनाने बी. बी. सी. आय. चा मार्ग विकत घेतला. खरेदीची किंमत आधीच्या तीन वर्षांतील भागांच्या बाजारभावाच्या सरासरीवर ठरावयाची होती. हमीमुळे भागांचा भाव मूळ किंमतीच्या वर टिकून राहिला होता. त्यामुळे शासनाने स्वतःच निर्माण केलेल्या सुरक्षिततेची किंमत त्यास पुन्हा मोजावी लागली. खरेदीनंतरही व्यवस्थापन पुनर्रचित कंपनीकडेच राहिले, म्हणजे मालकी शासनाची व चालवणूक कंपनीची अशी भागीदारीची दुसरी रीत सुरू झाली. ॲक्वर्थ समितीच्या (१९२०–२१) अध्यक्षांसह निम्म्या सदस्यांनी लोहमार्ग शासनाने थेट चालवावेत, अशी शिफारस केली. १९२४ मध्ये लोहमार्गांचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा करण्यात आला.

कंपनीच्या व्यवस्थापनाच्या याच काळात उपनगरी मार्गाची मोठी सुधारणा झाली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा–बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या व १९३६ मध्ये विद्युतीकरण विरारपर्यंत पोहोचले. कंपनी-व्यवस्थापन सर्वस्वी निरुपयोगी होते, असे म्हणता येत नाही, हे यावरून दिसते. चालविण्याचे कौशल्य कंपनीचे आणि मोठ्या भांडवलाची जोखीम शासनाची, ही विभागणी मूळ करारापेक्षा अधिक स्पष्ट होती. १ जानेवारी १९४२ पासून मार्गाचे व्यवस्थापनही शासनाने आपल्याकडे घेतले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे अस्तित्वात आली व हा मार्ग तिच्यात समाविष्ट झाला.

नंतरचे प्रयोग : विसाव्या शतकाच्या अखेरीस भागीदारीची कल्पना नव्या रूपात पुढे आली. लोहमार्गाच्या बाबतीत ती प्रामुख्याने दोन शासनांमधील राहिली. मुंबईच्या उपनगरी वाहतुकीसाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के व महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के वाटा आहे. बोरिवली–विरार दरम्यानचे जादा रुळमार्ग व वसईच्या खाडीवरील नवे पूल याच व्यवस्थेखालील मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात झाले.

रस्त्याच्या बाबतीत मात्र खाजगी भांडवल आले. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात १९९५ मध्ये दुरुस्ती होऊन खाजगी कंपनीस रस्ता बांधून पथकर वसूल करण्याची मोकळीक मिळाली. वसई तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या सुरत–दहिसर या २३९ किमी. लांबीच्या भागाचे सहापदरीकरण या पद्धतीने देण्यात आले. २००९ मध्ये पथकराची वसुली सुरू झाली. तालुक्यातील पथकर नाका खानिवडे येथे आहे. सवलतीची मुदत १२ वर्षांची होती. भांडवल कंपनीने उभारावयाचे, रहदारी कमी झाल्यास तोटा तिने सोसावयाचा आणि उत्पन्नातील दरवर्षी वाढत जाणारा वाटा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणास द्यावयाचा, असा हा करार होता. १८५५ च्या कराराशी तुलना करता जोखमीची दिशा येथे पूर्णतः उलटलेली दिसते. त्या वेळी उत्पन्नातील तूट करदाता भरी, तर या करारात ती कंपनीच्या अंगावर येते व भांडवलाचा मोबदला थेट वाहनचालक देतो. मात्र मुदत संपल्यावर परत मिळणारा रस्ता कोणत्या स्थितीत असावा व तोपर्यंत त्याची निगा कशी राखली जावी, हा प्रश्न अशा करारांत कळीचा ठरतो.

मूल्यमापन : वसई, नालासोपारा, विरार व नवघर–माणिकपूर या चार नगरपरिषदा व लगतची गावे मिळून २००९ मध्ये वसई–विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. या शहराचे आजचे रूप एका लोहमार्गाने घडविले आहे. हमी-पद्धत नसती, तर तो मार्ग १८६४ मध्ये मुंबईस पोहोचला असता, असे मानण्यास फारसा आधार नाही, कारण त्या काळी त्या अटींवाचून लंडनचे भांडवल येत नव्हते. दुसरीकडे, त्याची किंमत ज्यांनी दिली, त्यांना करार ठरविताना कोणताही आवाज नव्हता. मार्गाची उपयुक्तता व कराराची न्याय्यता या दोन वेगळ्या बाबी असून एकीने दुसरीचे समर्थन होत नाही.

या इतिहासावरून भागीदारीच्या व्यवस्थेविषयी काही गोष्टी स्पष्ट होतात. भांडवल खाजगी आहे एवढ्यावरून जोखीम खाजगी ठरत नाही. तोट्याच्या वेळी कोण पैसे भरतो, यावरून ती ठरते. ज्याने जोखीम पत्करलेली नाही, त्याच्या खर्चास आळा घालण्यासाठी नेमलेली देखरेख कितीही कडक असली, तरी ती हितसंबंधाची जागा घेऊ शकत नाही. शासनाने दिलेली जमीन व वाढलेले जमिनीचे मूल्य हिशेबात न धरल्यास भागीदारीचा खरा ताळेबंद निघत नाही. करारातील खरेदी व परतीची कलमे मिळकतीच्या कलमांइतकीच महत्त्वाची असतात. १८७० मध्ये सोडून दिलेल्या एका अधिकारामुळे वसई–विरार मार्गावरील मूळ कराराची मालकी व हमी आणखी पंचवीस वर्षे तशीच चालू राहिली.